मोकळ्या जागेचं उद्घाटन

"पोरी, ही इकडची अर्धी जागा रिकामीच हाय गो. काम बाकी हाय काय अजून?"

आण्णांनी स्वप्नालीच्या मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं. तिने बनवलेल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर डावीकडे मंगल कार्यालयाच्या दाराचा एकच फोटो होता, त्याखाली 'आत या' असं लिहिलेलं एक छोटं बटण, आणि उजवीकडे पांढरीशुभ्र मोकळी जागा. त्या जागेत आता आण्णांच्या बोटाचा ठसा उमटला होता.

"काम पूर्ण झालंय आण्णा," स्वप्नाली म्हणाली. "ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय."

"मुद्दाम?" आण्णांनी बायकोकडे पाहिलं. "ऐकलास काय कौसे? अगो पोरी, बदलापुरात जागा मोकळी ठेवाची नसते. आज मोकळी ठेव, उद्या कोन तरी टपरी टाकतंय. परवा टपरीवर पत्रा, आणि तेरवा मीटर. मंग काढ त्याला बाहेर!"

आण्णा हे अनुभवाने बोलत होते. बदलापूरच्या कात्रपला एके काळी त्यांची भातशेती होती. एकेका शेतात एकेक बिल्डिंग उभी राहत गेली आणि शेवटी उरलेल्या तुकड्यावर आण्णांनी बायकोच्या नावाने 'कौसाबाई मंगल कार्यालय' बांधलं. त्याच्या चारही बाजूंना आधी कंपाउंड घातलं आणि मगच पाया खणला. अशा माणसाला रिकामी जागा बघवत नाही, यात त्याचा काय दोष?

पण स्वप्नाली शेजवळही काही लेचीपेची नव्हती. अंबरनाथच्या बुवापाड्यातली ही मुलगी. उल्हासनगरच्या बाजारात दुकानं पालथी घालून, सुटे भाग जमवून तिने स्वतःचा संगणक जोडून घेतला होता. कोणतंही पान ती आधी पेन्सिलीने कागदावर काढायची, आणि मग त्यातलं काय काय काढून टाकता येईल ते बघायची. आपल्याला कुठे थांबायचं ते कळतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. फोनच्या तारेवरून इंटरनेट मुंगीच्या पावलाने यायचं, म्हणून एकेक फोटो ती इतका हलका करायची की पान बघणाऱ्याने जांभई द्यायच्या आत उघडावं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन चौकोन दिसतात, म्हणून अक्षरांचीही चित्रं करून बसवायची. एवढं केल्यावर कुणी काचेवर बोट टेकवून 'काम बाकी आहे काय' विचारलं, की तिच्या मस्तकात तिडीक जायची.

"आण्णा, लग्नाचा हॉल बघायला येणारा माणूस काय बघतो?"

"जेवनाचा रेट."

"आणि त्याच्या आधी?"

आण्णांनी विचार केला. "जागा."

"मग! हॉल मोठा आहे असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा मोकळी जागा दाखवलेली बरी. बघणाऱ्याला पान उघडताच ऐसपैस वाटलं पाहिजे."

आण्णांना पटलेलं नव्हतं. त्यांना साइट उघडताच सनई वाजायला हवी होती, वर लुकलुकतं तोरण हवं होतं, खाली उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं हवी होती. कौसाबाईंना मात्र एकच गोष्ट हवी होती. "त्या मोकल्या जागेत आमच्या नाथाचा फोटो टाक ना गो. येवढा जेवनाचा आणि मांडवाचा बघतो तो."

नाथा हा कौसाबाईंचा धाकटा भाऊ. कार्यालयातलं जेवण त्याचं, मांडव त्याचा, खुर्च्या त्याच्या आणि जनरेटरही त्याचाच. उपरणं घालून, हातात झारा धरून काढलेला फोटो त्याने स्वतःच आणून दिला होता.

"काकी, हॉल तुमच्या नावाचा आहे. तुमचा फोटो नाही टाकला, मग त्यांचा कसा टाकू?" स्वप्नालीने विचारलं. नाथाचा फोटो पाकिटात परत गेला. तिथेच पुढच्या रामायणाची सुरुवात झाली.

अखेर आण्णांनी एका अटीवर मान डोलावली. साइटचं उद्घाटन रीतसर व्हायला हवं. मुहूर्त, फीत, नारळ, नगरसेवक, सनई-चौघडा आणि वर जिलबी. "आमच्यात बोअरिंगला पानी लागला तरी नारल फोडतात," आण्णा म्हणाले, "ही तर वेबसाइट हाय."

स्वप्नाली एका पायावर तयार झाली, कारण तिलाही चार माणसं हवीच होती. तिचे वडील शिवराम फॅक्टरीत फिटर होते. त्यांनी ओळखीने एका पतपेढीत तिच्यासाठी कायमची नोकरी बघून ठेवली होती आणि सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. घरी बसून मुलगी दिवसभर काच बघते आणि त्याला काम म्हणते, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. बरीच खडाजंगी झाल्यावर बापलेकीत तह झाला होता. "तुझं एक काम मला चार माणसांत उभं राहिलेलं दाखव. दिसलं, तर पतपेढीचं नाव काढणार नाही. नाही दिसलं, तर सोमवारी मुकाट्याने डबा घेऊन निघायचं." उद्घाटन रविवारी होतं.

मागच्या रांगेतल्या लोकांना संगणकाचा पडदा दिसायचा नाही, म्हणून स्वप्नालीने एक युक्ती केली. पहिल्या पानाचं चित्र मोठं करून त्याचं फ्लेक्स छापून घेतलं आणि स्टेजच्या मागच्या भिंतीवर लावलं. तोच दाराचा फोटो, तेच 'आत या', आणि उजवीकडे दहा माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा. आण्णांकडून एकदा तालीमही करून घेतली. "फीत कापली, की पाहुण्यांना म्हणायचं, 'आत या' दाबा. बस्स."

"आणि नारल?"

"उंबऱ्यावर फोडा."

"साइट उंबऱ्यावर हाय का? खरी जागा कुठं हाय तिची?"

"सर्व्हरवर. तो अमेरिकेत असतो."

आण्णा विचारात पडले. गाडी घेतली तर नारळ चाकापाशी, घर बांधलं तर उंबऱ्यावर, बोअरिंगला मोटरीपाशी. अमेरिकेत कोण फोडणार? "बरा, उंबऱ्यावर फोडतो," ते नाइलाजाने म्हणाले.

रविवारी स्वप्नालीने आपला संगणक रिक्षाने आणला, मॉनिटर मांडीवर आणि सीपीयू बाबांच्या मांडीवर. ऑफिसातल्या फोनला लांबलचक तार जोडून ती स्टेजपर्यंत ओढली. हॉल भरला. शिवराम इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. सनईवाल्यांना आण्णांनी बजावलं, "साइट उघडली की लगेच वाजवाचा. मधी दम खायाचा नाय."

भारनियमनाच्या वेळापत्रकात रविवारची सकाळ मोकळी होती. पण विजेला कुठे वेळापत्रक वाचता येतं? नगरसेवक स्टेजवर आले, त्यांनी हातात कात्री घेतली आणि दिवे गेले. पंखे थांबले, माइक बसला आणि मॉनिटर काळाठिक्कर पडला.

"नाथा! जनरेटर!" आण्णा ओरडले.

स्वयंपाकघरातून निरोप आला. "नाथाशेठ बोलतात, ज्याचा फोटो नाय, त्याचा जनरेटर पन नाय."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. नगरसेवकांना आणखी दोन मुंजींना जायचं होतं. स्वप्नालीने वडिलांकडे पाहिलं. ते रुमालाने मान पुसत होते. सोमवारचा डबा तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसू लागला.

एवढ्यात कौसाबाई पुढे सरसावल्या. त्यांचं निदान पक्कं झालं होतं. "अगो, आधी नारल फोडला नाय, म्हनून बंद पडला!"

"काकी, थांबा! तिथे नको!"

पण कौसाबाईंनी सीपीयूच्या लोखंडी डोक्यावर नारळ असा काही हाणला की एका घावात दोन वाट्या झाल्या. पाणी सगळं आत गेलं, एक थेंबही वाया गेला नाही. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. स्वप्नालीला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तरीही काच काळीच. मग मात्र कौसाबाईंनी पदर खोचला आणि त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. तिथे त्या भावाशी काय बोलल्या ते साऱ्या हॉलने ऐकलं. "नाथ्या, चालू करतोस का नाय? नायतर भाऊबीजेला माझ्या दारात पाय ठेवाचा नाय!"

इकडे नगरसेवकांनी घड्याळ बघून फीत कापून टाकली होती. "पुढं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

आण्णांना तालमीतलं तेवढंच आठवलं. "सायबांनी 'आत या' दाबाचा," ते गरजले.

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. काळ्या काचेवर काहीच लिहिलेलं नव्हतं. 'आत या' हे शब्द साऱ्या हॉलमध्ये एकाच ठिकाणी दिसत होते. ते मागे वळले आणि त्यांनी फ्लेक्सवरच्या 'आत या' वर अंगठा दाबला.

आणि नेमकं त्याच क्षणी नाथाने जनरेटरची दोरी ओढली.

झुंबरं पेटली. तोरणाच्या माळा लुकलुकल्या. पंखे फिरले, मांडवातलं कारंजं उडालं, आणि सनईवाल्यांनी दम न खाता सुरू केलं. क्षणभर सगळे थक्क झाले आणि मग टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

"एका बोटात!" मागून कुणीतरी ओरडलं. "काय वेबसाइट हाय बाबा!"

नगरसेवकही आपल्या अंगठ्याकडे कौतुकाने बघत राहिले. "आण्णा, मानलं तुम्हाला," ते माइकवर म्हणाले. "आमच्या फ्लेक्सवर डझनभर तोंडं असतात, कोण कुठला कळत नाही. आणि तुम्ही एवढी जागा मोकळी सोडलीत! ही छाती जमीनवाल्याचीच."

आण्णांची छाती खरोखरच फुगली. तोवर फोटोग्राफरच्या लक्षात आलं की त्या मोकळ्या जागेसमोर माणूस उभा केला की तो थेट वेबसाइटवर असल्यासारखा दिसतो. मग काय, जिलबीपेक्षा मोठी रांग तिथे लागली. सगळ्यात पुढे हातात झारा घेऊन नाथा. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

नाथाचा फोटो निघताच आण्णांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं. "चल, झाला तुझा. जागा मोकली कर. कुनी तिथं रेंगालायचा नाय!" आणि जन्मभर हेच सांगत आल्यासारखा चेहरा करून ते पाहुण्यांना समजावू लागले, "मोकली जागा पायजेच. बघनाऱ्याला ऐसपैस वाटला पायजे. मी या पोरीला आधीच बोललेलो."

स्वप्नालीने हे ऐकलं. गिऱ्हाईक आपलंच म्हणणं आपल्याला ऐकवायला लागलं की काम जमलं समजावं. पण तिला आनंद झाला नाही. नारळपाणी प्यायलेला संगणक वीज येऊनही उठला नव्हता, टाळ्या फ्लेक्सला पडल्या होत्या. खरी वेबसाइट कुणी बघितलीच नव्हती.

कौसाबाईंनी मात्र चुकीची भरपाई मनापासून केली. सीपीयू उघडून गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातला आणि त्यावर कावळा बसू नये म्हणून स्वतः काठी घेऊन बसल्या. "नाय चालू झाला, तर नवा घेऊन देनार. कौसाबाईचा सबुद हाय," त्या म्हणाल्या. तो दोन दिवसांनी चालू झाला. फक्त तापला की खोबऱ्याचा वास यायचा.

परतीच्या रिक्षात स्वप्नाली मॉनिटर मांडीवर घेऊन बसली होती. अंबरनाथ जवळ आल्यावर ती न राहवून म्हणाली, "बाबा, खरं सांगते. लोकांनी वाहवा केली ते नुसतं फ्लेक्स होतं. माझं काम तुम्ही चार माणसांत बघितलंच नाही. उद्या मी पतपेढीत जाते."

शिवराम बाहेर बघत म्हणाले, "ते मला माहितीये. मी काय खुळा आहे? फ्लेक्स आणि वेबसाइट कळत नाही होय?"

"मग?"

"काल कामावरनं सुटल्यावर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो होतो. पत्ता दिला. चष्मा पुसेपर्यंत उघडली की गं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "शेजारी कुणाचं तरी पान उघडत होतं, कधीपासनं नुसतं चाक फिरतंय. आपलं आलं पण! चार माणसं काय, मी अख्ख्या कॅफेला दाखवली. मालकाला बोललो, ही माझ्या पोरीची. त्याला पटेना. मग तुझं नाव शोधत बसलो."

"सापडलं?"

"सापडलं. खाली, मुंगीएवढं. तो म्हणाला, काका, हे नाव आहे की धूळ बसलीय?" शिवराम तिच्याकडे वळले. "पतपेढीत जायचं काही कारण नाही. पण मला एक सांग, उजवीकडे एवढी जागा मोकळी आहे. तिथे नाव जरा मोठं लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

त्या मोकळ्या जागेसाठी स्वप्नाली आण्णांशी भांडली होती, नाथाशी वैर पत्करलं होतं, संगणकात नारळपाणी घेतलं होतं. पण आता तिचे डोळे भरून आले आणि मॉनिटर सांभाळायचा असल्यामुळे पुसताही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसून तिने साइट उघडली आणि मोकळ्या जागेच्या खालच्या कोपऱ्यात चांगल्या ठसठशीत अक्षरांत नाव बसवलं. 'रचना : स्वप्नाली शिवराम शेजवळ'.

संध्याकाळी घरचा फोन खणखणला. पलीकडे सायबर कॅफेतून आण्णा होते आणि आवाज चढलेला होता.

"पोरी, घात जाला! आपल्या मोकल्या जागेत कुनी तरी अतिक्रमन केलंय!"

"आण्णा, ते मीच केलंय. माझं नाव आहे ते."

पलीकडे जमिनीचा जुना मालक मनातल्या मनात हिशेब करत असावा.

"बरा, तुझा हाय तर ऱ्हाऊ दे," आण्णा शेवटी म्हणाले. "पन पत्रा टाकाचा नाय हां!"