चष्म्याची गायब काडी

टप्प. शांत दुपारी सासूबाईंनी चष्मा उचलला, त्याची काच फरशीवर पडली आणि पाठोपाठ त्यांचा आवाज आला, "एक काडीही गायब आहे. सकाळी खुर्चीवर ठेवला होता मी."

सूनबाई फौजदार. नुकतीच सकाळची पाळी करून आलेली. कालच तिने चौकीत एका शिंप्याला 'तुझ्या जोडीदाराने सगळं सांगितलंय' अशी थाप मारून पाच मिनिटांत चोरीची कबुली काढली होती आणि जेवताना ती हकीकत घरच्यांना रंगवून सांगितली होती. आता घरातच गुन्हा घडल्यावर ती गप्प थोडीच बसणार?

थोरल्या लेकीला तिने गॅलरीत उभं केलं, धाकटीला स्वयंपाकघरात. काचेवर धाकटीचीच पावडर भुरभुरली.

"ठसे मिळालेत," ती थोरलीला म्हणाली. "तुझेच आहेत."

"मी हातसुद्धा लावला नाही, आई."

"मग ठसे काय चालत आले?"

थोरलीने स्वतःच्या बोटांकडे संशयाने पाहिलं. "खेळताना रॅकेट लागली असेल," ती पुटपुटली.

मग धाकटी. "ताईने तुझं नाव सांगितलंय. काडी कुठंय?"

धाकटीने हातातली बाहुली घट्ट धरली. "बाहुलीला चष्मा घातला होता. तो मोडला."

"आणि काडी?"

"काडी... गिळली."

"अगं बाई," सासूबाई कोलमडल्याच. "गाडी काढ रे, दवाखान्यात ने पोरीला."

"किल्ली कुठंय?" नवरा सैरावैरा धावत म्हणाला.

किल्ली सूनबाईच्या खाकी पँटीत होती. तिने धुण्याच्या ढिगातून पँट ओढली, मागच्या खिशात हात घातला आणि हात तिथेच राहिला. सकाळी बूट चढवायला ती त्याच खुर्चीवर टेकली होती. चौकीपर्यंत काहीतरी टोचत होतं. पेन असेल, म्हणून तशीच गेली होती.

तिने काडी टेबलावर ठेवली. सासूबाईंनी ती उचलून मोडक्या चष्म्याला लावून पाहिली.

"आता माझ्या कबुलीची गरज नाही ना?" नवऱ्याने हळूच विचारलं.

ती धाकटीपुढे गुडघ्यांवर बसली. "चुकलं माझं, बाळा. पण बाहुलीचं आणि गिळल्याचं खोटं का बोललीस?"

"तू सारखी कुठंय कुठंय विचारत होतीस. माझ्याकडे नव्हती ना."

तेवढ्यात गॅलरीच्या दारातून थोरली म्हणाली,

"आई, त्या शिंप्याने तरी खरंच चोरी केली होती ना?"