व्हिलनचा हॉल

जयंतीला बघायला मुलुंडचे परब येणार हे ठरलं, तेव्हा दशरथ तावड्यांच्या घरात बसायला तीन लोखंडी खुर्च्या, एक डुगडुगतं स्टूल आणि परळच्या चाळीतून आणलेलं बाकडं, एवढाच ऐवज होता. गोरेगावच्या नव्या ब्लॉकमध्ये येऊन आठ महिने झाले होते. बाहेरून ब्लॉक, आत शिरलं की चाळ.

मध्यस्थाने आधीच कानावर घातलं होतं, "मुलगा हिरा आहे, दशरथराव. आई नाही, आत्याने वाढवलाय. पण बाप जरा कठीण. भाऊ परब मुलगी नंतर बघतो, आधी घर बघतो. चार ठिकाणी नाही म्हणाला. एका घरात पडदे जुने होते, एका घरात ट्यूबलाइट फडफडत होती."

त्या रात्री दशरथच्या बायकोने, सुगंधाने, ट्यूबलाइटकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. ती फडफडत नव्हती, पण भरवसा कुणाचा द्यावा?

रविवारी दोघं अंधेरीच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. आत गारेगार हवा आणि टाय लावलेला विक्रेता. सोफा मागितल्यावर त्याने त्यांना माणसाच्या पंजासारख्या एका लाल खुर्चीसमोर उभं केलं. बोटं वर, तळहात बसायला.

"ह्याच्यात बसायचं?" दशरथने विचारलं.

"हा कॉन्सेप्ट आहे, सर."

"ते झालं. पण बसायचं कुठे?"

सुगंधा तोवर एका दिव्याकडे गेली होती. बगळ्याने मासा हेरावा तशी मान वाकवून तो कोपऱ्यात उभा होता, आणि उजेड म्हणाल तर देवघरातल्या समईइतका. "ह्याच्यात मुलगी नीट दिसेल का हो?" तिने विचारलं.

"मूड लाइटिंग आहे, मॅडम. नीट दिसण्यासाठी नसतं ते."

किंमत ऐकल्यावर दशरथला त्या गार हवेतही घाम फुटला. दोघं बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि घरी परतले.

तोडगा चौथ्या मजल्यावरून आला. तिथे राहणारा चंद्रप्रकाश एका फिल्म स्टुडिओत सेट लावायच्या कामाला होता. जिन्यात दशरथचा चेहरा बघून त्याने चौकशी केली आणि सगळं ऐकून मांडीवर थाप मारली. "एवढंच ना? आमच्याकडे व्हिलनचा हॉल पडलाय, तावडेसाहेब. पांढरा सोफा, चार खुर्च्या, काचेचं टेबल, झुंबर, उभा दिवा. एकदम झकास. शूटिंग कॅन्सल झालं, आता गोडाऊनमध्ये जागा अडवून बसलाय. टेम्पोचं भाडं द्या आणि घेऊन जा."

"व्हिलनचा?" दशरथ जरा बिचकला.

"हीरो चाळीत राहतो, साहेब. फर्निचर नेहमी व्हिलनकडेच असतं."

हा युक्तिवाद दशरथला पटला. तो स्वतः तीस वर्षं चाळीत राहिला होता.

गुरुवारी संध्याकाळी टेम्पो आला आणि अख्खी बिल्डिंग गॅलरीत आली. सोफा ढगासारखा पांढरा, खुर्च्यांचे पाय हरणासारखे बारीक, टेबलाची काच अशी की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. झुंबराला दीडेकशे लोलक. दशरथने एक खुर्ची उचलायला दोन्ही हात लावले आणि ती इतकी पटकन वर आली की तो मागे कलंडला.

"इतकी हलकी कशी?" सुगंधाने विचारलं.

"फॉरेनमध्ये आता सगळं हलकंच असतं," दशरथने ठोकून दिलं.

त्याच संध्याकाळी सुगंधाने लोखंडी खुर्च्या, स्टूल आणि बाकडं खालच्या गणेश मंडळाला देऊन टाकलं. मग हुकूम काढला की पाहुणे येईपर्यंत सोफ्या-खुर्च्यांवर कुणीही बसायचं नाही. पांढऱ्यावर डाग पडतात. तीन दिवस तावडे कुटुंब स्वतःच्या हॉलमध्ये पाहुण्यासारखं वावरलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवलं.

शुक्रवारी सकाळी टेबलावर मुंग्या दिसल्या. टेबलावर कुणी काही सांडलं नव्हतं. सुगंधाने काच पुसली आणि टेबलाभोवती हळदीची रेघ ओढली. शनिवारी मुंग्यांची रांग भिंतीवरून छतावर आणि छतावरून झुंबरात जाताना दिसली. "सिनेमातलं सामान आहे," ती म्हणाली, "काय काय सांडलं असेल त्याच्यावर, देव जाणे."

रविवारी पाहुणे पाचला येणार होते. साडेचारला सुगंधा आणि जयंती आत तयार होत होत्या. दशरथ नवा सदरा घालून हॉलमध्ये एकटाच उभा होता. मे महिना, हातात पंखा नाही, आणि समोर चार खुर्च्या. माणसाने किती वेळ उभं राहायचं? दाराकडे एक नजर टाकून तो हळूच एका खुर्चीत बसला.

खुर्ची मोडली असं म्हणणं बरोबर नाही. मोडायला आधी ती धड असावी लागते. कट्ट असा एकच आवाज झाला आणि दशरथ जमिनीवर होता, त्याच्या आजूबाजूला बोटभर काटक्या आणि पांढरा भुगा. त्याला जराही लागलं नव्हतं. ह्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

भुगा न्हाणीघरात ढकलून तो धावत चौथ्या मजल्यावर गेला. चंद्रप्रकाश बनियनवर चहा पीत होता.

"मोडली?" तो शांतपणे म्हणाला. "मोडणारच. फाइटचा सेट आहे तो. शेवटच्या रिळात हीरो येतो आणि सगळा हॉल फोडतो. हीरोची तारीख मिळाली नाही म्हणून राहिला धड."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही म्हणालात, दिसायला पाहिजे. बसायचं कोण बोललं होतं?" मग त्याला दशरथची दया आली असावी. "टेन्शन घेऊ नका, लागत नाही कुणाला. बाल्सा लाकूड, कापसासारखं हलकं, आणि थर्माकोल. टेबलाची काच आणि झुंबर साखरेचं. पाक करून ओततात साच्यात. फक्त झुंबराखाली दिवा लावू नका. वितळतं."

सुगंधाने झुंबराचा शंभराचा दिवा दुपारी तीनलाच लावला होता, उजेडाची सवय व्हावी म्हणून.

दशरथ तीनतीन पायऱ्या उतरत खाली आला. दारात परब मंडळी उभी होती. पुढे भाऊ परब, अंगाने भक्कम, सफारी घातलेले. मागे मुलगा नंदकिशोर. मध्ये काठीसारखी बारीक, नऊवारीतली जानकीआत्या.

"पंधरा मिनिटं लवकरच आलो," भाऊ म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल," दशरथ म्हणाला. "चालायला काहीच हरकत नाही."

भाऊंनी आत पाऊल टाकलं आणि ते थांबलेच. त्यांची नजर सोफ्यावरून खुर्च्यांवर, खुर्च्यांवरून झुंबरावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावं ठेवायला काही सापडलं नाही, आणि त्यामुळे ते जरा अस्वस्थ झाले. शेजारीच दशरथ नुकत्याच बाहेर आलेल्या सुगंधाच्या कानाशी लागला. त्याने काय सांगितलं ते चार शब्दांतच संपलं, पण सुगंधाच्या चेहऱ्यावरची पावडर त्या चार शब्दांनी उडाली. दिवा बंद करायला ती बटणाकडे वळली, तर भाऊ बटणाला टेकूनच उभे होते.

"आधी घर बघून घ्या," ती म्हणाली.

दोन खोल्यांचं घर बघायला पंचवीस मिनिटं लागली. दशरथने गॅलरीतून आरेची झाडं दाखवली. मग पाण्याची टाकी, मग टाकीकडून येणारा पाइप, मग तो पाइप जिथे घरात शिरतो ती जागा. मोरीचा नळ उघडून दाखवला, बंद करून दाखवला. न्हाणीघराचं दार मात्र त्याने पाठीने दाबून धरलं होतं. ह्या धांदलीत झुंबराचा दिवा तसाच चालू राहिला.

"आता जरा बसून बोलूया?" भाऊ म्हणाले.

"बसणं काय, रोजचंच आहे," सुगंधा म्हणाली. "आमच्याकडे बुफे असतो."

बुफे हा शब्द भाऊंना लागू पडला. मुलुंडमध्ये एका डॉक्टरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी तो बघितला होता. ते सावरून उभे राहिले. एव्हाना आईकडून सगळं कळलेल्या जयंतीने प्रत्येकाच्या एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात सरबताचा पेला दिला. दोन्ही हात गुंतले की माणूस सहसा बसत नाही, हा तिचा हिशोब होता.

जानकीआत्याला मात्र हा हिशोब मान्य नव्हता. "ह्या घरात बसूची पद्धत नाय काय गो?" ती म्हणाली. "माजे पाय दुखतत." आणि कुणी काही बोलायच्या आत ती खुर्चीत बसली.

दशरथने डोळे मिटले. काहीच आवाज झाला नाही. आत्याचं वजन जेमतेम पस्तीस किलो. खुर्ची किंचित कण्हली आणि उभी राहिली. जयंती झटकन मागे गेली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, जणू आत्याच्या सेवेला, उभी राहिली. शेजारच्या खुर्चीकडे नंदकिशोर वळला.

"बसू नका," जयंती ओठ न हलवता म्हणाली.

"का?"

"नंतर सांगते."

नंदकिशोर सरळ उभा राहिला. पुन्हा काही विचारलं नाही.

तेवढ्यात झुंबरातून एक थेंब निघाला आणि आत्याच्या डोक्यावर पडला. आत्याने वर बघितलं. दुसरा थेंब नाकावर. "गळता काय रे वरसून?" तिने विचारलं.

"वरच्यांची मोरी," दशरथ म्हणाला.

"बहीण बसली, आता मीही टेकतो," म्हणत भाऊंनी बशी-पेला टेबलावर ठेवला आणि प्रशस्तपणे सोफ्यात देह सोडला.

पुढचं सगळं एका दमात झालं. सोफा भाऊंना घेऊन मधोमध फाटला. भाऊंचे पाय वर गेले आणि टाच काचेच्या टेबलावर आदळली. टेबल आवाजाला आवाज देत खलास झालं. आधाराला म्हणून त्यांनी उभा दिवा धरला, तर तो त्यांच्या मुठीत पुठ्ठ्यासारखा दुमडला, कारण तो पुठ्ठ्याचाच होता. आत्या दचकून उठली, तशी जयंतीच्या हातात खुर्चीची नुसती पाठ राहिली. आणि सगळं शांत झालं असं वाटत असतानाच, दोन तास शेकून मऊ झालेलं झुंबर आकड्यातून सुटलं आणि आत्याला चाटून भाऊंच्या पुढ्यात येऊन फुटलं.

भाऊ परब भुग्यात बसले होते. केसात थर्माकोल, खांद्यावर लोलक, मांडीवर पोहे.

"मी," ते शेवटी म्हणाले, "मी नुसता बसलो हो."

दशरथचा जीव गलबलला. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोच सुगंधाने त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टाच रोवली. "असू दे हो, भाऊसाहेब," ती म्हणाली. "वस्तूच त्या. माणसं महत्त्वाची."

एवढं होईपर्यंत भाऊंच्या चेहऱ्यावरचा रुबाब पार उतरला होता. ते स्वतः झाडू मागू लागले. मग सगळे सतरंजीवर बसले. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, भाऊंनी काही विचारलं नाही. रुमालाने सफारी झटकत ते एवढंच म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. आता तुम्ही आम्हाला पसंत करत असाल तर बघा."

पाहुणे गेल्यावर दशरथने मुलीला विचारलं. जयंती भुगा पोत्यात भरत होती. "बसू नका म्हटलं तर तसाच उभा राहिला, बाबा," ती म्हणाली. "कारणसुद्धा विचारलं नाही परत. माझं हो आहे."

घरात आनंद झाला, पण दशरथला झोप लागेना. एका भल्या माणसाला आपण खजील केलं हे त्याला टोचत होतं. सोमवारी रजा टाकून त्याने मुलुंड गाठलं. भाऊ कामावर गेले होते. दार जानकीआत्याने उघडलं. दशरथने उंबऱ्यातच उभं राहून, एका श्वासात, व्हिलनपासून पाकापर्यंत सगळं सांगून टाकलं.

आत्या गालातल्या गालात काहीतरी चघळत ऐकत होती.

"माका कालच कळला," ती म्हणाली. "नाकार थेंब पडलो, तो ओठार इलो. मोरीचा पाणी गोड लागता काय खय?" कमरेची चंची सोडून तिने झुंबराचा एक लोलक काढून दाखवला, अर्धा विरघळलेला. "मगे ह्यो उचलून आणलंय."

"मग भाऊंना मी सांगतो सगळं. माफी मागतो."

"गप रव. चार पोरींका नावा ठेवल्यान माज्या भावान. आता पैल्यांदाच तेची बोलती बंद झाली हा. पोरगो खूश, मी खूश. लगीन होयस्तोवर तू तोंड उघडू नको."

"मग साखरपुड्याचं कधी बघायचं?" दशरथने विचारलं.

आत्याने लोलक परत तोंडात टाकला. "तो कालच झालो नाय काय?" ती म्हणाली. "पुडो फोडूक तेवढो भाऊ लागलो."