शेवटची अठरा पानं

पुस्तकाची शेवटची अठरा पानं गायब आहेत हे मला रविवारी दुपारी कळलं, आणि तेही कधी? मी खुनी पकडल्यावर! त्याची मान माझ्या मुठीत होती, फक्त पान उलटायचं बाकी होतं. उलटलं, तर पुढे पुठ्ठा!

आधी माझी अवस्था सांगतो. त्या सकाळी मी दोन तास बॅडमिंटन खेळलो होतो. वय बासष्ट. समोरचे दोघे माझ्या निम्म्या वयाचे. पहिला गेम आम्ही जिंकलो आणि तिथेच घात झाला, कारण मग मी उड्या मारायला लागलो. जिना चढताना गुडघे असे वाजत होते, जणू आत कुणी अक्रोड फोडतंय. चहाचा कप उचलायला दोन्ही हात लागले. म्हणून पलंगावर आडवा होऊन जुनी रहस्यकथा उघडली.

आता पानांबद्दल. मला पूर्वी आधी शेवट वाचायची खोड होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जेवताना मी हिला खुन्याचं नाव सांगून टाकलं. ही उठली, ब्लेड घेऊन आली, आणि तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण कापून लपवायला लागली. आधी मी खुन्याचं नाव सांगायचं, मगच पानं मिळायची. बत्तीस वर्षं हा कायदा चालला. मी बहुतेक वेळा चुकायचो, आणि पानं देताना ही इतकी हसायची की चष्मा काढून पुसावा लागायचा.

मार्चमध्ये ही गेली. हे तिने वाचलेलं शेवटचं पुस्तक. आजारपणातही कायदा पाळला होता, हे मला आत्ता कळत होतं.

म्हटलं, पानं घरातच असणार, जातात कुठे! कपाटं रिकामी केली. गाद्या उलटवल्या. पिठाच्या डब्यात हात घातला आणि पीठ डोक्यावर घेतलं. उरली पलंगाखालची ट्रंक. अर्धा आत सरकलो, आणि कमरेत उसण भरली! ना पुढे, ना मागे. बाहेर फक्त दोन पाय, खेळाच्या चड्डीतले.

मी बोंब मारली. खालच्या मजल्यावर शिंपी राहतो, आमची जादा किल्ली त्याच्याकडे असते. गळ्यात टेप तशीच घेऊन तो धावत आला.

"अरे देवा! साहेबांना मारलं!"

"मेलो नाही हो! ओढा मला!"

"चोर गेले का?"

"चोर नाहीत! हे सगळं मीच केलंय!"

"स्वतःच्या घरात?"

मग त्याची पावलं टेबलाकडे वळली. टेबलावर माझा कागद होता. वाचता वाचता मी त्यावर संशयितांची टिपणं काढली होती. शिंपी ती मोठ्याने वाचू लागला, "शिंपीच! कात्री त्याचीच. गोड बोलतो, पण नजर वाईट. पोलिसांना कळवावं."

"साहेब, तुमची पँट दोन दिवस उशिरा दिली, कबूल. म्हणून थेट पोलीस?"

"अहो, ते पुस्तकातलं!"

"नजर वाईट?"

"पुस्तकातली नजर!"

त्याने ओढायला साफ नकार दिला. म्हणाला, साक्षीदार हवा. भिंतीवर मेहुणीचा नंबर लिहिलेला होता, तो त्याने फिरवला. मेहुणी दोन गल्ल्या पलीकडे राहते. ती येईपर्यंत शिंपी पलंगावर बसला, म्हणजे जवळजवळ माझ्या पाठीवरच! मी खालून त्याला अख्खी गोष्ट सांगितली.

"पाठीत कात्री? कापड कापायची?"

"हो."

"मग शिंपी नाहीच! ती कात्री आम्ही कागदाला लावत नाही साहेब, धार जाते. माझी बायकोसुद्धा हात लावत नाही. हे काम ज्याला कात्रीतलं काही कळत नाही त्याचं!"

पलंगाखाली, पिठाने माखलेल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुनी कोण ते कळलं!

"भाऊजी! हे काय?" मेहुणी दारात उभी.

दोघांनी एकेक पाय धरून मला बाहेर काढलं. मी कशासाठी आत गेलो ते सांगितल्यावर मेहुणी खाली फरशीवर बसून हसली. मग डोळे पुसले आणि पर्समधून एक बंद लिफाफा काढला.

"ताईने दवाखान्यात दिला होता. म्हणाली, मागतील तेव्हा आधी नाव सांगायला लाव. गोडीगुलाबी करतील, ऐकू नकोस. मार्चपासून घेऊन फिरतेय. तुम्ही मागतच नव्हता!"

मी हात पुढे केला. तिने लिफाफा मागे घेतला.

"नाव?"

"सांगा साहेब," शिंपी म्हणाला, "आम्ही सुटू तरी!"

मी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांत एवढी खात्री मला कधी नव्हती. नाव सांगितलं की अठरा पानं, आणि अठरा पानं झाली की हिच्याकडून मिळायचं काही उरत नाही.

"कंबर फार दुखतेय," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."

त्याला आता पाच रविवार झाले. मेहुणी लिफाफा घेऊन येते, शिंपी मशीन बंद करून वर येतो, दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. नाव मला पक्कं माहीत आहे. अजून सांगितलेलं नाही.