मालकांचं लोणचं

सहावीतल्या अर्पिताने विज्ञानाच्या पेपरात लिहिलं, 'मालकांमध्ये सायट्रिक आम्ल असते.' ते वाचून बाईंनी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतलं.

आई म्हणजे शिवलीला. कळंबच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत तिचा लोणच्या-चटण्यांचा धंदा होता. धंदा म्हणजे स्वयंपाकघराची मागची अर्धी बाजू; पुढच्या अर्ध्या बाजूत संसार. फोडणी गिऱ्हाइकाची आहे की घरच्या वरणाची, हे कधीकधी तिलाच स्वतःला विचारून घ्यावं लागे.

"ताई, मालक म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"लिंबू," शिवलीला मान खाली घालून म्हणाली.

"काय?"

"म्हणजे आमच्या मामांचं, सासऱ्यांचं नाव लिंबाजी. सासूबाई त्यांचं नाव घेत न्हाईत, म्हणून लिंबूबी म्हणत न्हाईत. मालक म्हणत्यात. पोरगी त्यांच्याच मांडीवर वाढली."

बाईंनी पेपरातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांना राहवलं नाही. "आणि कडुलिंब?"

"कडूमालक."

बाईंनी पदराने तोंड झाकलं आणि त्या उत्तराला अर्धा मार्क वाढवून दिला.

सासूबाईंचा, म्हणजे धुरपदाबाईंचा, हा नेम साधासुधा नव्हता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने त्यांना लग्नात अंगाची हळद उतरायच्या आतच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी एकादशी जशी पाळली तसाच हा नेमही पाळला. लग्नात घेतलं ते उखाण्यातून. उखाण्यात चालतं, देवाने बायकांना तेवढी सवलत ठेवली आहे.

शिवलीला शाळेत होती, तेवढ्यात घरी चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला आणि तो धुरपदाबाईंनी उचलला. फोन धाराशिवच्या श्रीदेवीबाईंचा होता. श्रीदेवीबाई आणि त्यांचे यजमान सिद्रामप्पा यांचं बसस्टँडजवळ घरगुती पदार्थांचं दुकान होतं. बचत गटांच्या प्रदर्शनात सिद्रामप्पांनी शिवलीलाचं लोणचं चाखलं होतं आणि दुकानातली एक फळी तुम्हाला देऊ, असं कबूल केलं होतं. त्या फळीकडे शिवलीला देवाच्या कौलाकडे लावावेत तसे डोळे लावून बसली होती. फळी मिळाली तर दर रविवारी पिशव्या घेऊन या गावचं प्रदर्शन, त्या गावची जत्रा हे फिरणं थांबणार होतं. "आई, तू रविवारी घरी कधी असणार?" असं अर्पिताने विचारलं की ती पुढच्या प्रदर्शनाच्या पिशव्या भरायला घ्यायची.

शिवलीला घरी येताच धुरपदाबाई म्हणाल्या, "श्रीदेवीबाईचा फोन आला हुता. फळी मोकळी केलीया म्हणं. उद्या सकाळी मालकांचं लोणचं घेऊन या म्हणल्या."

"मालकांचं? नक्की, आत्या?"

"मालकांचंच. दोनदा म्हणल्या."

शिवलीलाला नवल वाटलं. प्रदर्शनात सिद्रामप्पांनी बोटं चाटली होती ती कैरीच्या लोणच्याची. म्हणून तर तिने मागच्या सालचं मुरलेलं कैरीचं लोणचं बरण्यांमध्ये भरून, चिठ्ठ्या चिकटवून, तयार ठेवलं होतं. पण गिऱ्हाइकाचं मन. उन्हाळ्यात वाटलं असेल त्यांना लिंबू बरं. परत फोन करून विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही. आत्यांच्या तोंडून मालक म्हणजे लिंबू, यात विचारायचं काय?

रिकाम्या बरण्या घरात नव्हत्या. तिने कैरीचं लोणचं पुन्हा मोठ्या चिनी बरणीत ओतलं, छोट्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या आणि एसटी डेपोत कामावर असलेल्या नवऱ्याला फोन केला.

"आवं, येताना लिंबं आणा. बाजारात असत्याल तेवढी."

रणधीर आज्ञाधारक माणूस. दुपारी पाळी संपताच त्याने बाजारातल्या सगळ्या हातगाड्यांवरची लिंबं घेतली. त्या दिवशी नेमकी अमावस्या होती.

"सगळी?" भाजीवाल्या महांतप्पाने आवाज खाली आणून विचारलं. "अमुशाला? रणधीर, घरात कोण आजारी हाय का?"

"न्हाई, बायकोनं सांगितलं."

"मग तर लईच जपून," महांतप्पा म्हणाला आणि त्याने वरून एक बिब्बा फुकट दिला.

रणधीर पोतं घेऊन घरी पोचायच्या आधी बातमी गल्लीत पोचली. कुणी अंगारा आणून दिला, कुणी उंबऱ्याशी उभं राहून घरातल्या प्रत्येकाचा चेहरा निरखला. दुकानाच्या दाराला बांधायला एकसुद्धा लिंबू मिळालं नाही म्हणून कोपऱ्यावरचा चहावाला नुसत्याच मिरच्या टांगून वर रणधीरकडे रागाने बघत बसला.

इकडे लिंबं वाफवून त्याच दिवशी लोणचं घालायचं ठरलं. सगळं घर कामाला लागलं आणि धुरपदाबाईंनी देखरेख हाती घेतली. लिंबाजीराव दाराशी खाटेवर बसून होते.

"अर्पे, तो मालक नासकाय, बाजूला काढ," धुरपदाबाईंनी फर्मावलं.

खाटेवर हालचाल झाली.

"शिवलीला, मालक अजून उकडलं न्हाईत. दाबून बघ. कडकच हायत."

"मला लई उकडतंय," लिंबाजीराव म्हणाले.

"तुमाला कोण बोलतंय! रणधीर, मालकांना उभं चिरू नगं, आडवं चिर. आन् बिया काढ समद्या. बियांनी कडूपणा येतोय मालकांना."

"आत्ता कळलं कशानं येतोय," रणधीर पुटपुटला.

"ह्या वयात माझी ही दशा," लिंबाजीराव टोपी नीट करत म्हणाले. "उकडा, चिरा आन् वर मीठ लावा."

"गूळबी घालणार हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "साठ सालात तुमाला गोड कराया जमलं न्हाई, ते आज जमतंय का बघते."

सांजवात होईपर्यंत बरण्या भरल्या. शिवलीलाने देवाजवळ एक बरणी ठेवून हात जोडले. फळी मिळू दे, रविवार मिळू दे, एवढंच.

सकाळच्या गाडीने ती निघाली, तर धुरपदाबाईही लुगडं बदलून तयार. पहिल्या मालाबरोबर घरातलं वडीलधारं माणूस पाहिजे. आणि लिंबाजीराव म्हणाले, "येवढं माझ्या नावानं केलंय, तर म्या बी येतो." येरमाळ्याजवळ गाडी आली तशी तिघांनी बसल्या जागेवरून येडाई देवीला हात जोडले; लिंबाजीरावांनी मांडीवरचं खोकं न सोडता नुसती मान लववली.

श्रीदेवीबाईंनी हौसेने खोकं उघडलं. बरणी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई, हे तर लिंबाचं!"

"तुमीच सांगितलं हुतं की," शिवलीला म्हणाली.

"मी मालकांचं सांगितलं हुतं."

"तेच आणलंय की मालकांचं!" धुरपदाबाई पुढे सरसावल्या.

"आवं, मालकांचं म्हंजी आमच्या ह्यांना आवडलं हुतं ते!" श्रीदेवीबाईंनी गल्ल्यावर बसलेल्या सिद्रामप्पांकडे बोट दाखवलं.

"आन् मालकांचं म्हंजी आमच्या ह्यांचं!" धुरपदाबाईंनी लिंबाजीरावांकडे बोट दाखवलं.

दोन्ही मालक एकमेकांकडे बघत राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं खरेदी विसरली.

शिवलीलाने सगळा प्रकार सांगितला, माफी मागितली, कैरीचं संध्याकाळच्या गाडीने आणते म्हणाली. सिद्रामप्पा वाईट माणूस नव्हते. पण दुकानदार होते.

"ताई, माल चांगला असंल तुमचा," ते हळूच म्हणाले. "पर फोनवर ज्यांना फळाचं नाव घेता येत न्हाई, त्यांच्याकडं आर्डर द्यायची कशी? एक पापडवाल्या बाई फळीसाठी थांबल्यात. आमी त्यांनाच..."

 शिवलीला खाली वाकून बरण्या परत खोक्यात ठेवू लागली. 

ते धुरपदाबाईंनी पाहिलं. आपल्या नेमापायी सुनेची फळी चालली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आल्या वाटेकडे वळून देवीला हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला,

"कैरी राहिली कळंबाला, धाराशिवला आलं लिंबू,
लिंबाजीरावांचं नाव घेते, पाय दुखत्यात, किती थांबू?"

दुकानात असा हशा उसळला की रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावले. श्रीदेवीबाईंनी धावत जाऊन स्टूल आणलं. सिद्रामप्पांनी बरणी उघडून एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि दुसरी फोड घेऊनच डोळे उघडले.

लिंबाजीराव मात्र हसले नाहीत. टोपी हातात घेऊन ते बायकोकडे बघत होते. "पुन्यांदा म्हण की," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"येकदाच असतंय," धुरपदाबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

फळी मिळाली. अर्ध्या भागात लिंबू, अर्ध्या भागात मागून आलेली कैरी. सिद्रामप्पांनी गंमत म्हणून लिंबाच्या बाजूला खडूने लिहिलं, 'मालकांचं लोणचं'. गिऱ्हाइकं ते वाचून हसायची, हसता हसता चाखायची आणि चाखली की घेऊन जायची. कैरी फळीवर मुरत राहिली.

मग एक रविवार आला. शिवलीला घरी होती. दुपारच्या जेवणानंतर ती अंगणात अर्पिताच्या केसांना तेल लावत बसली होती आणि अर्पिता मुद्दाम डोकं हलवून ते लांबवत होती. लिंबाजीराव तोंडावर पंचा टाकून खाटेवर निजले होते. आत फोन वाजला. शिवलीलाचे हात तेलकट, म्हणून धुरपदाबाईंनी उचलला.

"आजी, मी श्रीदेवी. आवं, सांगायला वाईट वाटतंय, पर तुमचे मालक संपले!"

 धुरपदाबाईंनी झटकन खाटेकडे पाहिलं. तोंडावर पंचा, हात छातीवर, हालचाल नाही.

"शुभ बोल गं बाई, शुभ बोल!" त्या फोनवर ओरडल्या. "आन् सरळ नाव घे की! लिंबू म्हण! लिंबू! लिंबू!"

अंगणात शिवलीलाचा हात थांबला. अर्पिताने तोंडावर हात ठेवला.

खाटेवरचा पंचा बाजूला झाला. लिंबाजीराव धडपडत उठून बसले, टोपी चाचपली आणि नव्या नवरदेवासारखे लाजून म्हणाले,

"ओ! आलो, आलो. काय म्हणतीस?"