साळवेसाहेबांचा मुद्देमाल

समस्त वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कोपरच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एकही पार्सल दोन पंचांच्या गैरहजेरीत उघडलं जात नाही. मोबाइलचं कव्हर असो, मच्छर मारायची बॅट असो, की माझ्या सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा असो. खोका टेबलावर ठेवायचा, सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, आणि समोरच्या दारातून साळवेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून येईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. मी पंच क्रमांक एक. माझे यजमान पंच क्रमांक दोन. ते बहुधा खुर्चीत पेंगत असतात, पण साळवेसाहेबांच्या मते पंचाची हजेरी महत्त्वाची, जागं असणं ऐच्छिक.

साळवेसाहेब ठाण्याच्या कोर्टात मुद्देमालाच्या खोलीवर होते. म्हणजे पोलीस जे जे जप्त करून आणतील ते खटला संपेपर्यंत यांच्या ताब्यात. चोरीच्या सायकली, भेसळीचं तूप, खोट्या नोटा, नकली घड्याळं. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, हे त्याबरोबर लाखेची एक कांडी आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. भाषाही तिथलीच घेऊन आले. माझ्या पुतणीचं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं तेव्हा त्यांनी त्याला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “मुद्देमाल सुस्थितीत आहे.”

आमच्या इमारतीच्या नावाच्या आणखी दोन इमारती याच गल्लीत आहेत. पार्सलवाला नेहमी चुकतो. साळवेसाहेब गॅलरीतून त्याला सांगतात, “पुढे या. त्या दोन्ही नकला आहेत, मूळ प्रत ही.”

पण कव्हरं आणि गुडघ्याचे पट्टे ही किरकोळ कामं. त्यांचा खरा विषय म्हणजे नेमबाजीचं सामान. एअर रायफलचे शिशाचे छर्रे, नेमबाजाचा जाडजूड हातमोजा, पुठ्ठ्यासारखं कडक जॅकेट. हे ऑनलाइन मागवताना माणूस कसा फसतो, यावर ते तुम्हाला चहा गार होईपर्यंत सांगतील, आणि मग दुसरा चहा करतील.

हे सगळं कुठून आलं ते सांगायचं तर सुजूपासून सुरुवात करायला हवी. सुजाता, त्यांची एकुलती एक मुलगी. साळवेवहिनी गेल्या तेव्हा ती शाळेत होती. पुढे शाळेतूनच तिला रायफलचा नाद लागला. आता या खेळात नेमबाज आणि निशाण यांच्यात दहा मीटर अंतर लागतं, आणि आमच्याकडे एका बेडरूमच्या घरात दहा मीटर कुठून आणणार? साळवेसाहेबांनी मोजपट्टी घेतली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून निघाले, हॉल ओलांडला, दार ओलांडलं, जिन्यासमोरची मोकळी जागा ओलांडली, माझ्या दारातून आत आले आणि माझ्या हॉलच्या भिंतीपाशी थांबले.

“ताई, दहा मीटर तुमच्याकडे भरतात.”

तेव्हापासून माझ्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, एक काळा ठिपका आहे. रोज संध्याकाळी दोन्ही दारं उघडी. तिकडे सुजू रायफल खांद्याला लावून उभी, इकडे तिचा ठिपका. रायफल रिकामी. याला ते लोक ड्राय म्हणतात, नुसता नेम धरायचा आणि चाप ओढायचा. टक्. पुन्हा टक्. आमच्या घरात घड्याळ होतं, पण संध्याकाळ झाली हे आम्हाला त्या आवाजाने कळायचं. जिन्यावरून येणाऱ्याने खालूनच “येऊ का?” विचारायचं, असा नियम होता. सासूबाई देवाला दिवा लावताना विचारायच्या, “सुजू, जाऊ ना गं इकडनं?” आणि ती रायफल खाली करून म्हणायची, “जा आजी, तुमच्यासाठी सिग्नल कायम हिरवा.”

एकदा माझ्या पुतणीला बघायला कल्याणहून पाहुणे आलेले. मुलाचे वडील नेमके ठिपक्याखालच्या खुर्चीत बसले. पोह्याचा चमचा तोंडाशी नेला आणि समोर पाहिलं. सुजूने त्यांना पाहताक्षणी नळी खाली घेतली होती, पण साळवेसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “घाबरू नका. बंदूक रिकामी आहे. मुलगी चांगली आहे. निवांत बोला.” लग्न जमलं. देण्याघेण्याचा विषय त्यांच्याकडून शेवटपर्यंत निघाला नाही.

मग ती राज्य स्पर्धा आली. सुजूची वर्षभराची मेहनत त्या एका दिवसावर होती. निम्म्यापर्यंत पोरगी पुढे होती आणि मग शेवटच्या फेऱ्यांत नेम ढळला. निवड थोडक्यात हुकली. घरी येऊन तिने रायफल पेटीत घातली, पेटी पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, “बाबा, मी या खेळातली नाहीच. उगाच तुमचा वेळ घेतला.” दोन दिवस आतल्या खोलीचं दार बंद. आमच्याकडे संध्याकाळ झालीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळवेसाहेबांनी माझी बेल वाजवली. हातात छर्ऱ्यांचा डबा. त्यांनीच ऑनलाइन मागवलेला, स्पर्धेत वापरलेला. “ताई, यजमानांना उठवा. दोन पंच पाहिजेत.” आम्ही जाऊन बसलो. सुजूला बाहेर बोलावलं. साळवेसाहेबांनी चष्मा लावला आणि कोर्टात वाचून दाखवावं तसं सांगितलं की, सदर डबा मूळ कंपनीचा नसून हुबेहूब नक्कल आहे, आतले छर्रे कमीजास्त वजनाचे आहेत, आणि अशा छर्ऱ्यांनी जगातला कुठलाही नेमबाज हरला असता. “चूक माझी. मी विक्रेता बघितला नाही. पोरीचा यात काही दोष नाही.” मग डब्याला सुतळी बांधली, लाख लावली, वर चिठ्ठी चिकटवली: आरोपी. आणि तो शोकेसमध्ये, वहिनींच्या फोटोच्या शेजारी ठेवला.

सुजूने डब्यावरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही पण ना. मला विचारायचंत तरी मागवताना.” संध्याकाळी पुन्हा टक् ऐकू आलं. माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

ती पुढे खेळली, चांगली खेळली, मेडलं आणली. मग इंजिनीअर झाली, आणि मग चांगली शिकलेली मुलं जातात तशी कॅनडाला गेली. पंचांची पद्धत मात्र त्या डब्यापासून सुरू झाली ती राहिली.

नियम आता आम्हाला पाठ आहेत. किंमत अर्धी दिसली की पान बंद करायचं. वस्तू नंतर, आधी विक्रेता वाचायचा. “कंपनी परदेशी, फोटो चकचकीत, आणि विकणारा कोण तर कुठलंसं फॅशन अँड किचन. याला कढई विकायची आहे की छर्रे, ते आधी ठरवू दे.” लोकांचे अभिप्राय वाचताना तारखा बघायच्या. “एवढी माणसं एकाच दिवशी खूश कशी होतात, ताई? आपली सोसायटी कधी एका दिवशी खूश झालीय का?” डब्याचा तळ फोटोत नसेल तर विक्रेत्याकडे तळाचा फोटो मागायचा. आणि तो दुकानदार तुमचाच का, हे थेट कंपनीला लिहून विचारायचं. कंपनी उत्तर देते. साळवेसाहेबांना तर आता तिकडची एक बाई नाताळच्या शुभेच्छाही पाठवते.

एकदा मागवलेल्या हातमोज्याची शिवण त्यांना संशयास्पद वाटली. बिलावर पत्ता माजिवड्याचा. झालं, मला आणि एका पिशवीला घेऊन हे निघाले. पत्त्यावर दुकान नव्हतंच. तीन मजली गुलाबी बंगला होता आणि ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसलेल्या. पूर्वी तिथे यांची भातशेती होती, आता त्यावर टॉवर आहेत, पण लसूण अजून स्वतःच सोलतात.

“इथे बंदुकीचं सामान मिळतं का?” साळवेसाहेबांनी विचारलं.

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बंदुक? माजे घरान बंदुक नाय रं बाला. सून हाय. तीच पुरं.”

चौकशीअंती कळलं की, वरच्या खोलीत एक भाडेकरू होता, तो महिन्याभरापूर्वी पळाला. मागे ठेवून काय गेला, तर सोनेरी स्टिकरांचं बंडल. प्रत्येकावर चमचमणारं ‘अस्सल’. आजींनी ते वाया घालवले नव्हते. ओट्यावर उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर एकेक अस्सल लावलेलं. “चकचकीत हाय, म्हून लावला,” त्या म्हणाल्या आणि आम्हाला एक बरणी दिली. परतीच्या बसमध्ये साळवेसाहेबांनी कंडक्टरला पंच क्रमांक दोन नेमून ती उघडली, एक फोड चाखली आणि म्हणाले, “ताई, या प्रकरणात खरी निघालेली वस्तू एवढी एकच.”

आम्ही मध्ये घराचं रंगकाम काढलं. रंगारी ठिपक्यावर ब्रश फिरवणार, तेवढ्यात साळवेसाहेब दारात. नुसते उभे राहिले. मीच रंगाऱ्याला म्हटलं, “तेवढं सोडा.” आता माझ्या पिवळ्या भिंतीवर जुन्या हिरव्या रंगाचा एक चौकोन आहे आणि त्यात काळा ठिपका. पाहुणे विचारतात. मी सांगते, डिझाइन आहे.

संध्याकाळी साळवेसाहेब अजून दार उघडं ठेवतात. रायफल पुसतात, तेल देतात. दर वर्षी सुजूच्या येण्याच्या सुमाराला नवा डबा मागवतात, कारण ठेवून ठेवून शिसं पांढरं पडतं. गेली काही वर्षं तिचं येणं होत नाही. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. डबा ठाण्याच्या नेमबाजीच्या रेंजवरच्या मुलांना जातो.

या दिवाळीला मात्र ती नक्की येणार होती. मला तिचा मेसेज आला होता: काकू, ठिपका आहे ना? बाबांना सांगू नका, पण मला परत एकदा उभं राहायचंय. मी अर्थातच सांगितलं. साळवेसाहेबांनी त्या दिवशी विक्रेता तीनदा वाचला. कंपनीच्या बाईला दोनदा लिहिलं.

परवा दुपारी डबा आला आणि त्याच सकाळी सुजूचा फोन येऊन गेलेला. सुट्टी रद्द. पुढच्या वर्षी नक्की.

मला वाटलं, आज पंचनामा नसेल. पण बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, हातात खोका. “माल आलाय ताई. नियम तो नियम.” आम्ही जाऊन बसलो. पंच क्रमांक दोन लगेच पेंगले. खोका उघडला. तळाचा नंबर झाकणावरच्या नंबराशी जुळला. मग काचेच्या टीपॉयवर छर्रे एकेक करून घरंगळवले. छर्रा एका टोकाला रुंद असतो, त्यामुळे सरळ जात नाही, वळण घेतो. खरे सगळे एकाच वळणाने जातात, खोटे वाट फुटेल तिकडे. हे सगळे एका वळणाने गेले.

“मुद्देमाल सुस्थितीत,” ते म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. “चहा टाकतो.” आणि आत गेले.

माणूस असा आत गेला की माझ्यातली नटी बाहेर येते. ठरवलं, याला हसवायचं. चहा घेऊन येईल तेव्हा टेबलावर कोर्ट भरवायचं: इकडे खरा डबा, तिकडे शोकेसमधला आरोपी, मध्ये मी वकील. एरवी आरोपीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. “शिक्षा भोगतोय, त्याला छळायचं नाही,” असं ते म्हणायचे. मी शोकेस उघडली, वहिनींचा फोटो जरा सरकवला, डबा उचलला. इतक्या वर्षांनी लाख वाळली होती, हात लागताच गळून पडली.

दोन्ही डबे शेजारी ठेवले. खोट्या डब्याची खोड दाखवायची म्हणून तळ पाहिला. नंबर झाकणाशी जुळत होता. अक्षरं तीच, कड तीच. भाषणाला पुरावा हवा म्हणून आतले छर्रे टीपॉयवर सोडले. पांढरट पडले होते. पहिला वळला आणि आला. दुसरा त्याच वळणाने आला. तिसरा, चौथा. मूठभर सोडले. एकही भरकटला नाही.

साळवेसाहेब कपांचा ट्रे घेऊन दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

मला भान राहिलं नाही. नाटकाचा आवाज लागलेलाच होता, त्याच आवाजात म्हणून गेले, “साळवेसाहेब, अहो, हा डबा तर खरा आहे. तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी वळून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं,

“हळू बोला ताई. सुजू ऐकेल.”