जिभाऊंची पंचायत

माझे डोळे मिटत होते आणि सासूबाई मला थोबाडीत मारत होत्या. सरपणाच्या ढिगातून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढताना सापानं पायाला धरलं होतं. दिरानं पोटरीला दोर आवळला, मला ओट्यावरच्या खांबाला टेकवून जुन्या लुगड्यानं बांधलं, आणि बाया ताटं बडवायला बसल्या. झोप लागली की विष चढतं, असं तेव्हा सगळे मानत. विष उतरवणारा भगत तापीच्या पलीकडे राहायचा. नदीला पूर होता आणि नाव त्या काठाला अडकली होती. मला पाचवा महिना होता. सासूबाई मारताना एकच बोलत होत्या, "दोन जीव शेत व माय, दोन जीव शेत." आमच्या बोलीत शेत म्हणजे आहेत.

ताटांच्या आवाजाचीही माणसाला सवय होते. माझी मान खाली पडायला लागली. तेवढ्यात शेजारचे सुकलाल जिभाऊ अंगणात आले. बगलेत फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, खांद्यावर त्याचा कर्णा.

"ताटं बंद करा," ते म्हणाले. "आते पंचायत बठनार शे."

एवढ्या आकांतातही एक बाई पुटपुटली, "साप सोडी दी, पन हाई पंचायत मारी टाकी."

ती बाई खोटं बोलत नव्हती. जिभाऊ तरुणपणी रेल्वेतल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर कामाला होते. त्याची मडम विलायतेला परत गेली तेव्हा तिनं जिभाऊंना तो फोनो दिला आणि तबकड्यांची एक पेटी दिली. पेटीत सगळं मिळून गाणं एकच. तेही असं की त्यात कोणी गात नाही. लहानमोठी चार फिडलं, म्हणजे सारंगीसारखी वाद्यं, आणि एक पियानो, म्हणजे टेबलाएवढी बाजाची पेटी. ते इतकं लांब होतं की एका तबकडीत मावायचं नाही. एक संपली की उलटायची, मग दुसरी लावायची. कोणी बसवलं, कधी बसवलं, ते तबकडीवर इंग्रजीत होतं आणि गावात इंग्रजी कोणाला येत नव्हतं. मडमनं जिभाऊंना एवढंच सांगितलं होतं की पाच माणसं समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी बोलतात. जिभाऊंना तेवढं पुरलं. पाच माणसं बसून बोलतात, म्हणजे पंचायत.

भांडण कशाचं, तेही त्यांनीच ठरवलं होतं. विहिरीच्या पाण्याची पाळी. पियानो म्हणजे पाटील, प्रत्येकाच्या बोलण्यात तोंड घालणारा. बारीक आवाजाचं फिडल म्हणजे विधवा भावजय, तिला पाळी हवी. दुसरं तिची बहीण, भावजय बोलली की तेच पुन्हा बोलणारी. तिसरं होयबा, तो सगळ्यांना हो म्हणतो. आणि सगळ्यात मोठं, जाड आवाजाचं, तो म्हातारा.

नियम कडक होता. बसायचं तर पहिल्यापासून बसायचं, मध्ये उठायचं नाही. कोणी तंबाखू थुंकायला उठला तरी जिभाऊ सुई उचलत आणि पहिली तबकडी पुन्हा लावत. म्हणत, "अर्धी साक्ष आयकीसन न्याय व्हत नही." त्यामुळे शेवट गावात कोणीच ऐकला नव्हता. कर्णा दिसला की माणसं शेताकडे पळत. विलायतेतल्या लढाईमुळे फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या तर जिभाऊ बाभळीचे काटे कापून लावू लागले. चांगले सरळ काटे आमच्या कुंपणाला होते. आमच्या शेतात बकऱ्या शिरतात त्या जिभाऊंच्या पंचायतीमुळे, असं सासूबाई सगळ्यांना सांगत.

तर जिभाऊंनी चावी दिली, काटा बसवला, आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"कोन बोली ऱ्हायना, सांग."

नात्यानं ते मला सासऱ्याच्या जागी. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. सासूबाईंनी आणखी एक ठेवून दिली. "बोल ना व. मरी गयी ते लाज कोनले दाखाडशी?"

"पाटील," मी पदराआडून म्हटलं.

"काय म्हनस तो?"

"खोटं बोली ऱ्हायना."

जिभाऊंचा चेहरा असा उजळला की मला सापाचा विसर पडला. "बरोबर. तो सुरुवातपासून खोटं बोलस."

मग तेच चालू झालं. तबकडी संपायची, जिभाऊ चावी द्यायचे, काटा तासायचे, विचारायचे. मी सांगायचे. ताटं बडवणाऱ्या बायाही सरसावून बसल्या. एक म्हणाली, भावजय फार किरकिर करते. दुसरी म्हणाली, तुझी विहीर कोरडी पडली म्हणजे तू पण करशील. ओट्यावर खरंच भांडण लागलं. मान पडतेय असं वाटलं की मी कान लावून पाटलाला शोधायचे आणि मनात त्याला शिव्या द्यायचे.

मधल्या एका तबकडीशी जिभाऊ थांबले. तिच्यात म्हातारा बोलतो, अगदी संथ. ते ऐकून दुपारी बैलही झोपेल. जिभाऊंनी तबकडी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि ती बाजूला ठेवून दिली.

"हाई नही," म्हणाले.

थुंकायला उठलेल्याला माफ न करणारा माणूस तो. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

पुढच्या तबकड्यांत पाचही जण एकदम बोलायला लागले. शेवटी सगळे मिळून एकच गोष्ट जोरानं बोलले आणि संपलं.

"निकाल काय लागना?" मी आपणहून विचारलं.

"माले काय ठाव?" जिभाऊ म्हणाले. "आजवर शेवटपावत कोनी बठनंच नही. मी एकला काय ठरावू?"

"भावजयले पाळी देई टाका."

"दिधी," जिभाऊ म्हणाले.

ऊन कलल्यावर पूर ओसरला, नाव सुटली आणि भगत आला. त्यानं त्याचं केलं आणि मला वाचवल्याचा मान घेऊन गेला. माझ्या पायाची करंगळी काळी पडून गळून गेली. सापामुळे की दिराच्या दोरामुळे, ते सांगता येत नाही. गाण्यानं विष उतरत नाही, असं आता डॉक्टर सांगतात. झोपेनंही चढत नाही म्हणतात. असेल. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाद घालायचा नाही. पण त्या दिवशी मला भीतीनं मारलं असतं, आणि जिभाऊंनी मला घाबरायला वेळ दिला नाही. उपकार मानायचे ते मी त्यांचेच मानते.

मी जरा हिंडूफिरू लागल्यावर जिभाऊ पुन्हा फोनो घेऊन आले. सोबत एकच तबकडी. दाराशी उभे राहून सासूबाईंना म्हणाले, "हाई ऱ्हाई गयी व्हती."

त्यांनी लावली. म्हातारा बोलू लागला. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. तबकडी संपली, काटा नुसताच खरखरत राहिला, तरी त्यांनी तो उचलला नाही. जमिनीकडे बघत म्हणाले, "हाऊ म्हातारा काय सांगस, माले समजत नही. पन तो बोलस तवय घरमा कोनी शे असं वाटस."

त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कोणी नव्हतं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "जिभाऊ, आते जेवीसनच जा."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी जिभाऊ पंचायत घेऊन आमच्याकडे येत आणि जेवून जात. मी भाकरी थापत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. थंडीत मी बाळंत झाले, मुलगी झाली. साप चावला त्या दिवशी खांबाला बांधलेल्या आम्ही दोघी होतो. दोघी जगलो.