कार्यक्षेत्राबाहेरची एकवीस किलोमीटर

सभासदत्वासाठी कोणत्या शर्यती ग्राह्य धराव्यात हे ठरवण्यासाठी जळोची धावपटू संघाची तातडीची सभा बोलावण्यात आली, तेव्हा संघात एकतीस सभासद होते. त्यांतले चार पळत. उरलेले सत्तावीस प्रवर्तक होते.

प्रश्न उपस्थित झाला तो वृषालीच्या अर्जामुळं. वृषाली एम.एस्सी. झालेली, तीन वर्षांच्या श्रेयाची आई. तिला संघाचा टी-शर्ट नको होता, व्हॉट्सअॅपचा ग्रुप तर मुळीच नको होता. तिला फाटकाची किल्ली हवी होती. कालव्याकडेचा दोन किलोमीटरचा रस्ता संघाच्या ताब्यात होता: दोन्ही टोकांना लोखंडी फाटक, खांबांवर दिवे, वाहनांना बंदी. फाटकाबाहेर इंदापूर रस्ता, आणि हंगामात सकाळपासून त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या. वृषाली पळताना पावलं मोजत नसे, ट्रॉल्यांचे मागचे दिवे मोजत असे. तेरा ट्रॉल्यांत दोन दिवे, हा तिचा आजवरचा उच्चांक. परवा एका ट्रॉलीतून सुटलेली मोळी तिच्या खांद्याला घासून गेली. घरी येऊन तिनं झोपलेल्या श्रेयाचा पाय हातात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. मग उठून अर्ज लिहिला आणि सोबत इंदापूरच्या अर्धमॅरेथॉनचं प्रमाणपत्र जोडलं.

आता संघाचे पोटनियम. संघ घाईत स्थापन झाला होता आणि अध्यक्ष हिंदुराव यांच्या कपाटात पोटनियमांचा एकच छापील नमुना होता, तो साखर कारखान्याचा. त्यात 'ऊस' खोडून 'धाव' लिहिण्यात आलं. बाकी मजकूर उत्तम होता, म्हणून तसाच ठेवला.

"एकवीस किलोमीटर!" हिंदुरावांनी प्रमाणपत्र उजेडाला धरलं. "सूनबाई, पळालाय झकास. पण हे इंदापुरात झालं."

"हो."

"इंदापूर आपल्या कार्यक्षेत्रात येत न्हाय."

"पण काका, पाय माझेच होते ना?"

"पाय तुमचं, रस्ता त्यांचा. बाहेरच्या तालुक्यातला ऊस कारखाना गाळतो, पर म्हणून बाहेरच्याला सभासद करून घेतो व्हय?"

चिटणीस ज्ञानेश यांनी अर्जावर शेरा मारला: 'धाव समाधानकारक, क्षेत्र परके.'

वृषालीनं दुसऱ्या दिवशी बारामतीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं प्रमाणपत्र आणून दिलं. ते कार्यक्षेत्रातलं निघालं, त्यामुळं सभेत थोडी अस्वस्थता पसरली. ज्ञानेशनं पोटनियम चाळले आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, धावेची आगाऊ नोंद केली होती का? उसाची लागण झाली की कारखान्यात नोंद करावी लागते, नाहीतर तोड मिळत नाही."

"शर्यतीची नोंदणी केली होती."

"ती त्यांच्याकडं. आमच्याकडं नाही. शिवाय तुम्ही पाणी प्यायला किती ठिकाणी थांबलात?"

"तीन."

"म्हणजे वजावट आली. उसातनं पाचट वजा करतात तसं. किती थांबलात, त्यावर दहाचे निव्वळ किती उरतात ते समिती ठरवील."

समितीनं निव्वळ सहा पूर्णांक चार ठरवले. किमान मर्यादा सहा पूर्णांक पाच आहे, हेही समितीनं त्याच बैठकीत ठरवलं.

तरीही कुणावर अन्याय नको म्हणून उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीनं वालचंदनगरपर्यंत जाऊन रस्त्यांची पाहणी केली, दोन ठिकाणी भजी खाल्ली आणि अहवाल दिला: ज्या शर्यतीला अध्यक्षांनी स्वतः झेंडा दाखवला आणि जिथं नारळ फुटला, तीच ग्राह्य. अशी शर्यत आजवर एकच झाली होती, संघाची स्वतःची, मागच्या वर्षीची. ती भाषणं लांबल्यानं ऊन चढून रद्द झाली होती. पण झेंडाही दाखवला गेला होता आणि नारळही फुटला होता, तेव्हा व्यासपीठावर शेवटपर्यंत बसलेल्या सर्वांनी ती पूर्ण केली, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. हिंदुराव पहिले आले.

"मग मी काय करू?" वृषालीनं विचारलं. "रोज त्या ट्रॉल्यांच्या कडंनं पळते मी. मागं लेकरू आहे माझं, काका."

हिंदुराव विरघळले. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाला धरून होता. "आवं, मग आधीच बोलायचं! कुंडलिकआबांचं नाव हाय की आपल्या यादीत. सासऱ्याची वारसनोंद करून घ्या, काम फत्ते."

कुंडलिकआबा संघाचे प्रवर्तक होते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आबांनाही. स्थापनेच्या दिवशी सह्या कमी पडल्या, तेव्हा हिंदुरावांनी हॉटेलात चहा पिणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आबांनी बिस्किट बुडवता बुडवता सही केली होती.

अडचण एवढीच होती की सभासदत्व वारसाकडं जायला सभासद क्रियाशील लागतो. त्याच्या नावावर एक तरी ग्राह्य धाव हवी. आबांना सभेपुढं बोलावण्यात आलं.

"आबा, आयुष्यात कवा पळालाय का?" हिंदुरावांनी विचारलं.

"पळतोय कशाला? मला काय चोरी करायचीया?"

"आठवा की जरा."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बेंदराच्या दिवशी बैलांच्या मिरवणुकीत आपला बैल बुजला हुता, त्याच्या मागं पळालो. पार कालव्यापतूर. त्यो थांबला तवाच मी थांबलो."

"मिरवणुकीत नारळ फुटला हुता?"

"व्हय. त्या नारळालाच तर बैल बुजला."

"झेंडा?"

"मिरवणुकीच्या म्होरं तूच की झेंडा घिऊन! बैल अंगावर आला तसा टाकून पळालास."

सभागृहात टाळ्या पडल्या. धाव कार्यक्षेत्रातली, अध्यक्षांची उपस्थिती सिद्ध, आणि आबा वाटेत पाणी प्यायला कुठंही थांबले नसल्यानं वजावट शून्य. पूर्वनोंदीची अट बैलाच्या बाबतीत शिथिल करण्यात आली. आबा क्रियाशील ठरले, वृषाली वारस ठरली. इंदापूरच्या एकवीस किलोमीटरचं प्रमाणपत्र 'अनावश्यक कागद' म्हणून परत मिळालं. किल्ली मात्र पितळेची होती, जड.

पहिल्या सकाळी वृषालीनं फाटक उघडलं, आत शिरली आणि कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. मागचा दिवा मोजायचा नव्हता. कानात फक्त स्वतःचा श्वास होता. महिन्याभरात तिच्या पावलांना वेग आला आणि तिला उपसमितीवर घेतलं.

मग एके दिवशी फाटकाशी एक मुलगी दिसली. घामानं निथळलेली, गज धरून उभी. तिच्या पाठीमागून बिनदिव्याची जोडट्रॉली धडधडत गेली आणि उसाच्या शेंड्याचं लोंबतं वाढं तिच्या पाठीवरून फरफटलं.

"ताई, मी राजनंदिनी. वालचंदनगरची. इथं मावशीकडं राहते. आत येऊ का? बाहेर लई भीती वाटती." तिनं पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. "मॅरेथॉन केलीय मी. पूर्ण. बेचाळीस."

वृषालीनं गजांतून कागद घेतला. वेळ पाहिली. आपल्यापेक्षा फारच चांगली होती. तिनं किल्ली मुठीत फिरवली. कुणालाही आत घेत गेलं, तर उद्या कोण कोण येईल? संध्याकाळी श्रेया इथं तीनचाकी सायकल चालवते.

"धाव छान आहे गं," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. "पण कुठं झाली ही?"

पुढचं सांगायला नको. फाटकाच्या आतून वाचलं तर ते पोटनियम खरोखर इतके वाजवी वाटतात. इथवर हसत आलेल्यांनी एकदा आपापला खिसा चाचपून पाहावा. किल्ली हाताला लागेल, बहुधा कुणा आबाच्या नावावरची.